आई भूगोलाच्या बाई होत्या, त्यांना भरती-ओहोटी दाखवायची आहे. रत्नागिरीत कुठे राहू, कधी जाऊ?

पाटोद्याची लेक

नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, पाटोदा तालुक्यातली. नोकरीमुळे पुण्यात असते, आई गावीच. तिची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. मराठी आणि भूगोल. आमच्याकडे उन्हं तापायला लागली की विहिरी तळाला जातात. त्याच दिवसांत ती फळ्यावर गोल काढून भरती-ओहोटी शिकवायची. मधे पृथ्वी, बाजूला चंद्र, आणि दोन्हीकडचा पाण्याचा फुगवटा निळ्या खडूने. मी तिच्याच वर्गात होते. एकदा एका पोरानं विचारलं, "बाई, ओहोटीला पाणी जातं कुठं?" तिनं पुस्तकातलं उत्तर दिलं. रात्री भाकरी थापताना मात्र म्हणाली, "सांगितलं खरं, पण मी तरी कुठं बघितलंय?"

समुद्र तिनं पाहिलेला आहे. मामाच्या उपचारासाठी मुंबईला गेलो होतो तेव्हा, वरळीला, टॅक्सीतून. सिग्नल सुटला आणि समुद्र मागे गेला. त्याला पाहणं म्हणायचं असेल तर पाहिलाय.

आता तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन बरेच महिने झालेत. चालते चांगली, पण खाली मांडी घालून बसता येत नाही, आणि जिन्याला कठडा लागतो. माळकरी आहे. मासळी शिजते त्या स्वयंपाकघरातलं तिला नको वाटतं. मला फेब्रुवारीत रजा मिळते आहे, गुरुवार ते रविवार. फक्त आम्ही दोघी जाणार. भाऊ म्हणतो गोव्याचं पॅकेज घे, वहिनी म्हणते गणपतीपुळे-पावस-मार्लेश्वर सगळं उरकून ये. मला काहीही उरकायचं नाही. तिनं खुर्चीत बसून एकाच जागेवरून पाणी मागे गेलेलं आणि परत आलेलं बघावं, एवढंच हवंय.

गावाऐवजी शहर बघते आहे, कारण रात्री काही लागलं तर डॉक्टर आणि औषधाचं दुकान जवळ असावं. रत्नागिरी मनात आहे. कुठे राहावं? कोणत्या दिवसांत जावं? आणि नुसत्या डोळ्यांनी हा फरक खरंच दिसतो का, की तो दिवसभरात कळतही नाही?

सातारकर

गणपतीपुळ्याला जा. एमटीडीसीचं निवास अगदी समुद्रालगत आहे, देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर, शाकाहारी जेवण हवं तेवढं. रत्नागिरी शहरात राहिलात तर समुद्रासाठी रोज रिक्षा करावी लागेल. आम्ही आई-बाबांना घेऊन दर एक-दोन वर्षांनी जातो, काही अडचण येत नाही.

खाडीकाठची

ताई, मी रत्नागिरीची. लहानपण राजिवड्याच्या अंगाला, काजळीच्या खाडीकाठी गेलं, सासरही इथलंच. सातारकर म्हणतात ते चुकीचं नाही. पुळ्याला सोय चांगली आहे. पण तुमच्या बाईंना जे बघायचंय ते आमच्या भाट्याच्या किनाऱ्यावर जसं दिसतं तसं पुळ्याला दिसत नाही, आणि ते का, तेवढं सांगते.

गणपतीपुळ्याला समोर सरळ उघडा समुद्र. पाणी आत जातं, बाहेर येतं, वाळूचा पट्टा रुंद-अरुंद होतो. भाट्याला एका बाजूला समुद्र आणि उत्तरेच्या टोकाला काजळी नदीचं मुख. ओहोटीला खाडीत वाळूचे दांडे वर येतात, त्यांवर बगळे उतरतात, होड्या चिखलावर कलंडतात. भरती चढली की त्याच होड्या उभ्या राहतात आणि पाणी नदीच्या उलट्या दिशेनं, डोंगराकडे वाहायला लागतं. "पाणी जातं कुठं" ह्या प्रश्नाचं उत्तर खाडीत दिसतं. किनाऱ्यावर बसलं तर पाणी फक्त पुढे-मागे झाल्यासारखं वाटतं. खाडीवर ते जाताना दिसतं, येताना दिसतं, आणि मधे काही वेळ चक्क थांबलेलंही दिसतं.

आता दिवस कसे निवडायचे. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, दुपारी आणि पहाटे दोन्ही वेळा. अष्टमीला सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यातून साधारण सहा तास पुढे-मागे केले की ओहोटी. घड्याळाइतकं काटेकोर नसतं, पण माझे वडील ह्याच हिशोबावर पोरांना खाडीत पोहायला सोडायचे की नाही ते ठरवायचे.

तुम्ही पौर्णिमा किंवा अमावास्या धरून या. त्या दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरती सगळ्यात वर आणि ओहोटी सगळ्यात खाली. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फरक कमी. शिवाय उधाणाच्या दिवसांत सकाळी साडेपाच-सहाला पाणी पार खाली, दुपारी साडेअकरा-बाराला पूर्ण वर, आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला पुन्हा खाली. म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंतच्या एका दिवसात एक अख्खी फेरी बाईंना दिसेल. अष्टमीला उलट होतं. ओहोटी ऐन दुपारी, टळटळीत उन्हात.

भाट्याला किनाऱ्यालगत सुरूचं बन आहे. सकाळी नऊ-दहानंतर उन्हात बसवणार नाही, तेव्हा खुर्ची सुरूच्या सावलीत टाकायची. पाणी चढत चढत तुमच्याकडेच येतं, आपण हलायचंच नाही. नुसत्या डोळ्यांना दिसतं का, असं विचारलंत. उधाणाला अर्ध्या तासात दिसतं, तासाभरात तर कोणीही सांगेल.

एक मात्र जिवाचं सांगते, आणि हे कुणी हसण्यावारी नेऊ नये. ओहोटी लागलेली असताना खाडीच्या मुखाजवळ पाण्यात उतरू नका, घोट्याइतक्यासुद्धा नाही. खाडीचं सगळं पाणी तिथून बाहेर पडत असतं आणि पायाखालची वाळू ओढून नेतं. पाय भिजवायचे तर मुखापासून लांब, मधल्या किनाऱ्यावर भिजवा. आरे-वारेला आणि गणपतीपुळ्याला तर पाण्यात जाऊच नका. तिथे लाटा फुटताहेत त्यांच्यामधे एखादा पट्टा शांत दिसतो, आणि बाहेरची माणसं बरोबर त्याच शांत पट्ट्यात शिरतात. त्या पट्ट्यातून पाणी जोरानं आत खेचलं जात असतं. दर सुट्टीत कोणाचं तरी पोर जातं. आम्ही किनाऱ्यावरून हाका मारतो, ते हात हलवून आम्हाला टाटा करतात.

पाटोद्याची लेक

खाडीकाठची ताई, तुमचं उत्तर फोनवरून आईला वाचून दाखवलं. तिनं "चार पाऊणे तीन" ऐकलं आणि म्हणाली, "पाऊणकीचा पाढा असा कामाला येतो हे मला माहीत असतं तर पोरांना ओरडून पाठ करून घेतला नसता, गोडीनं घेतला असता." मग कालनिर्णय काढून बसली.

पण पौर्णिमेची अडचण आहे. आई माघ वारी चुकवत नाही. माघ शुद्ध एकादशीला पंढरपूरला असते आणि पौर्णिमेचा काला झाल्याशिवाय निघत नाही. राहिली अमावास्या. तिच्या आदल्या दिवशी महाशिवरात्र, तेव्हा तिचा उपवास. म्हणजे अमावास्येपासून पुढचे दिवस. वहिनी म्हणते अमावास्येला प्रवासाला कोण निघतं. आई म्हणाली, "समुद्राला चालती ना? मग मलाबी चालती."

शिवाय तिनं एक चूक काढली आहे, रागावू नका. म्हणते, पौर्णिमेला सव्वाअकरा आणि लगेच प्रतिपदेला एक पाऊणे पाऊण, म्हणजे पाऊण वाजता, असं कसं? एका दिवसात दीड तास कसा वाढेल?

आणि माझा प्रश्न, वाळूवर तिला चालवू का?

फिजिओ, ठाणे

गुडघे बदललेले पेशंट रोजच्या कामात बघते, म्हणून लिहिते. शेवटचा शब्द अर्थातच ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांचा. जाण्याआधी त्यांना फोन करून "वाळूवर चालायला परवानगी आहे का" असं सरळ विचारा.

परवानगी असेल तर कोरड्या भुसभुशीत वाळूत अजिबात नको. पाय रुततो, वाकडा पडतो, आणि गुडघ्याला पीळ बसतो. ओहोटीनंतर जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते ती चालायला चांगली. किनाऱ्याला उतार असतो, त्यामुळे एकाच दिशेनं लांब गेलं तर एक पाय सतत खालच्या अंगाला राहतो. थोडं जायचं, वळायचं, तेवढंच परत यायचं. अनवाणी नको, मागे पट्टा असलेल्या सँडल किंवा बूट. काठी वापरत असतील तर नेहमीच्या रबरी बुचाची काठी वाळूत घुसते, तुम्ही दुसऱ्या बाजूला हात द्या. रस्त्यापासून ओल्या वाळूपर्यंतचा कोरडा पट्टा हाच खरा अवघड भाग, तो जिथे अरुंद असेल तिथून उतरा.

खुर्ची घरून न्या. घडीची, हात असलेली, आणि बसल्यावर गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत इतकी उंच. किनाऱ्यावर भाड्याच्या खुर्च्या मिळाल्या तरी बहुतेक खोलगट असतात, त्यातून उठताना हाल होतात. खुर्चीच्या पायांखाली एक फळी टाका, नाहीतर त्या रुततात. खोली घेताना फोटोवर जाऊ नका, फोन करून विचारा: तळमजला आहे का, कमोड आहे का, न्हाणीघराला उंबरा किती, पलंग किती उंच.

आणि तासन् तास एका जागी बसणार असाल तर दर थोड्या वेळानं त्यांना उभं करा, चार पावलं चालवा.

बंदरावरचा निवृत्त

बाईंनी काढलेली चूक बरोबर आहे. वर्गात असा विद्यार्थी मिळाला असता तर शिक्षकाला आनंद झाला असता, इथे शिक्षकच तसा आहे.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. तिथीच्या हिशोबानं बोलायचं तर महिन्याच्या ३० तिथींमध्ये भरतीची वेळ पूर्ण २४ तास फिरते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं, बरोबर दोन घटका. पाऊणपटीत आपण ४५ धरतो. पाढ्याला सोपं म्हणून. प्रत्येक तिथीला ३ मिनिटं कमी पडतात, पंधराव्या तिथीपर्यंत ती साचून ४५ होतात. बाईंना जो खड्डा दिसला तो हाच. ४८ नं गुणलं तर पौर्णिमा-अमावास्येला १२ आणि प्रतिपदेला १२ वाजून ४८ मिनिटं येतात, खड्डा भरून निघतो. पण प्रत्यक्षात रत्नागिरीला उधाणाची भरती बारापेक्षा थोडी आधीच येते, म्हणून आपल्या किनाऱ्यावर पाऊणपट ऐन अमावास्येला जास्त जवळ जाते. मुंबईला तीच भरती रत्नागिरीहून उशिरा पोचते. काटेकोर वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं छापतो. वेळा इंटरनेटवरही मिळतात. जाण्याच्या आठवड्यात पाहून घ्या.

आता त्या पोराचा प्रश्न. पुस्तकातला फुगवटा वाचला की वाटतं पाणी जागच्या जागी फुगतं. पाणी फुगत नाही, ते आडवं वाहत येतं. आणि ते किती चढणार हे चंद्राइतकंच किनाऱ्याच्या आकारावर ठरतं. कोचीला भरती-ओहोटीतला फरक मीटरभर. वर सरकाल तसा वाढत जातो. मुंबईला उधाणाच्या मोठ्या भरत्या पाच मीटरच्या जवळ जातात. पुढे खंभातचं आखात निमुळतं होत जातं, तिथे आत शिरलेल्या पाण्याला पसरायला जागाच नसते, त्यामुळे भावनगरला फरक दहा मीटरच्या घरात जातो. चंद्र सगळीकडे तोच. रत्नागिरी कोची आणि मुंबईच्या मधली. बघायला पुरेसा फरक, आणि पाण्याचा धसका बसावा इतकाही नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना बघायला सांगा. दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. पहाटेचं पाणी जिथवर खाली गेलं तिथवर संध्याकाळचं जाईलच असं नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हा फरक चांगला जाणवतो. शाळेच्या आकृतीत तो नसतो.

मस्कतहून

दोघीच जाताय हे वाचून फार बरं वाटलं. माझ्या अनुभवातलं एकच सांगते. ज्या आयांनी आयुष्यभर काम केलंय त्यांना "आता निवांत बस" म्हटलं की त्या कावऱ्याबावऱ्या होतात. माझी आई इथे समुद्रावर आली तेव्हा सारखी विचारायची, "तुला कंटाळा नाही ना येत? तुझी रजा वाया नाही ना चालली?" मग मी तिला माझ्या मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी शंख गोळा करायचं काम दिलं. त्यानंतर ती मला विचारायची थांबली आणि समुद्राकडे बघायला लागली. तुमच्या आईंना वही-पेन्सिल द्या. आणि मोबाइलवर त्यांचे फोटो काढत बसू नका, आपण फोटो काढतोय म्हटलं की त्या पदर सारखा करत बसतात.

खाडीकाठची

निवृत्त काकांनी फार नीट सांगितलं. मी लहानपणापासून पाऊणपट करते, ते ४८ चं मला आज कळलं.

आता राहण्याचं आणि खाण्याचं. भाट्याला आणि पावसच्या रस्त्याला राहायच्या जागा आहेत. तिथून शहर खाडीवरच्या पुलापलीकडे, रिक्षेनं थोडक्या वेळात. दवाखाने, औषधाची दुकानं सगळं शहरात. मासळीचं म्हणाल तर हॉटेलात "शाकाहारी मिळेल" म्हणतात, पण चूल एकच असते. तुम्हाला जे हवंय ते ब्राह्मणी खाणावळीत किंवा घरगुती जेवण देणाऱ्यांकडे मिळेल. आदल्या दिवशी सांगून ठेवायचं. कांदा-लसूण चालत नसेल तर तेही आधीच सांगा, बाईंना ताटावर बसल्यावर विचारायला लावू नका. फेब्रुवारीत कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी मिळते, आणि महिना सरता सरता ओल्या काजूची उसळही. वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, नारळाच्या रसाबरोबर घावन. उकडीचे मोदक सांगून करून घ्या. सोलकढी घेताना विचारा, काही जण लसूण घालतात. हापूस तेव्हा नसतो. बाजारात पेटी दिसली तरी भाव ऐकून परत याल, घेऊ नका. पण कलमांना मोहर असतो, रिक्षेतून जाताना वास येतो.

यायला सकाळची मांडवी एक्सप्रेस बरी. पुण्याहून पनवेलला येऊन ती पकडा. घाटातून एसटीनं वळणं घेत येण्यापेक्षा गाडीत उठता-बसता येतं आणि शौचालय असतं. रत्नागिरीच्या आधी करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा लागतो, भूगोलाच्या बाईंना सांगून ठेवा. स्टेशन शहरापासून लांब आहे, बाहेर रिक्षा मिळते.

वहिनींच्या यादीतलं एक ठिकाण मी ठेवीन, पावस. मार्लेश्वरला पायऱ्या फार, ते काढून टाका. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे. त्यांनी ज्ञानेश्वरी अभंगांत आणली, माळकरी माणसाला तिथून हलावंसं वाटत नाही. भाट्यावरून रस्ता सरळ पुढे जातो. भाट्यालाच नारळ संशोधन केंद्र आहे, कोकण कृषी विद्यापीठाचं, १९५५ सालापासूनचं. शेतीची आवड असेल तर तिथे थोडा वेळ जाईल. बाकी रत्नदुर्गावर गाडी बरीच वर जाते, तरी पुढे पायऱ्या आहेत, तेव्हा बाईंच्या गुडघ्यानं हो म्हटलं तरच.

आणि एक संध्याकाळ थिबा पॉइंटसाठी ठेवा. उंचावर आहे, बसायला जागा आहे, आणि खाली काजळीची खाडी, भाट्याचा पूल, किनारा, समुद्र असा सगळा नकाशा पसरलेला असतो. दिवसभर खालून जे पाहिलं ते वरून एका नजरेत येतं. जवळच थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत करून पुढे इथे आणून ठेवलं. वाडा बांधून झाला १९१० च्या सुमाराला, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतली. थोरली राजकन्या मात्र पुढे रत्नागिरीतच राहिली, तिची मुलगी टुटू इथेच वाढली, मराठी बोलली, इथल्याच माणसांत संसार करून म्हातारी झाली. माझी आजी तिला बाजारात ओळखायची. लोक वाडा राजाचा म्हणून बघतात, मला तिथे गेलं की ह्या बायकाच आठवतात. सोमवारी वस्तुसंग्रहालय बंद असतं, तुमचे दिवस गुरुवार ते रविवार आहेत म्हणजे प्रश्न नाही.

सातारकर

आम्ही आजवर भरती-ओहोटीची वेळ पाहून कधीच गेलो नव्हतो. देवदर्शन, आंघोळ, जेवण, परत. पुढच्या खेपेला वडिलांना भाट्याला नेतो. त्यांनाही पाण्याचं वेड आहे, पाटबंधारे खात्यात होते. आरे-वारेचं सांगितलंत त्याबद्दल आभार. आम्ही मुलांना त्या शांत दिसणाऱ्या पाण्यातच सोडत होतो.

पाटोद्याची लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. अमावास्येपासूनचे दिवस पक्के केले. भाट्याकडच्या बाजूला तळमजल्याची खोली मिळाली, उंबरा नाही, पलंगाची उंची त्यांनी मोजून सांगितली. घरगुती जेवणाचंही बोलून झालं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी ओल्या वाळूवर चालायला हो म्हटलंय, हात धरून. आई दोन दिवस आधी पुण्याला येईल, म्हणजे शीण जाईल. रत्नदुर्ग सोडून दिलाय. पावस आणि थिबा पॉइंट ठेवलेत.

मस्कतच्या ताई, काम द्यायची गरजच पडली नाही. तिनं स्वतःच काढलंय. शाळेची जुनी हजेरीवही घेतली आहे, कोऱ्या पानांची. तिचा बेत असा: उजाडताच पाण्याच्या कडेला एक काटकी रोवायची, मग दर अर्ध्या तासानं पाणी पोचेल तिथे दुसरी, आणि प्रत्येक काटकीची वेळ लिहायची. चढताना आणि उतरताना दोन्ही. काटक्या रोवायचं काम माझं, लिहायचं तिचं. निवृत्त काकांचं ते दोन ओहोट्यांचं वाचल्यापासून संध्याकाळची खूण सकाळच्या खुणेशी ताडून बघायची म्हणते. तिच्या जुन्या शाळेत आता शिकवणाऱ्या बाईंना फोनही करून झालाय, की आल्यावर सातवीला एक तास मला द्या.

खाडीकाठची ताई, शेवटचा प्रश्न. चढत्या पाण्यात आधीच्या काटक्या बुडतील, वाहून जातील. मग उतरताना जागा कशी कळणार? आणि एवढ्या काटक्या तिथे मिळतात का, की इथून बांबूच्या कामट्या आणू?

खाडीकाठची

सुरूच्या बनात पडलेल्या काटक्या वाटेल तेवढ्या मिळतील, पण त्या हलक्या, लाटेनं उपटतात. कामट्याच आणा, हातभर लांबीच्या, आणि निम्म्याहून जास्त आत ठोका. तरीही काही जातील. त्यापेक्षा चढत्या पाण्यात प्रत्येक खुणेला काटकी न रोवता बनातल्या एका ठरलेल्या झाडापासून दोरीनं अंतर मोजा. दोरीला हातहातावर गाठी मारून आणा. पाणी कुठल्या गाठीपर्यंत आलं ते बाईंनी खुर्चीतूनच लिहायचं, तुम्ही दोरीचं दुसरं टोक धरून पाण्याकडे जायचं. उतरतानाही तेच झाड, तीच दोरी. काही बुडायचा, वाहायचा प्रश्न नाही.

दोरी मात्र लांब लागेल. ओहोटीला पट्टा चांगला रुंद होतो, घरातली वाळत घालायची दोरी पुरणार नाही. मी रत्नागिरीतच आहे, आमच्याकडे जाळ्याची नायलॉनची दोरी पडलेली असते. व्यक्तिगत निरोपात येण्याचा दिवस कळवा, गाठी मारून तयार ठेवते. सकाळी यायला जमलं तर पाण्याकडचं टोक मी धरीन, तुम्ही आईजवळ बसा.